वाढ देणाऱ्याच्या भरवशावर

करिंथच्या मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाच्या बाजूचा, कोणी अपुल्लोसाच्या. इ.स. ५५च्या सुमारास पौलाने त्यांना पत्र लिहिले आणि दोन्ही तटांना जणू शेताच्या बांधावर नेऊन उभे केले. एकाने लावणी केली असेल, दुसऱ्याने पाणी दिले असेल, पण रोप वर येते ते या दोघांच्या बळावर नाही, देवाच्या कृपेने, असे त्याचे म्हणणे. आपल्या मंडळ्यांत हा उतारा पाळकांच्या निरोपसमारंभात वाचला जातो, संडे स्कूलच्या वार्षिक दिनी वाचला जातो, नव्या इमारतीच्या अर्पणविधीत तर हमखास. तो लिहिला गेला तेव्हा मात्र समोर समारंभ नव्हता, भांडण होते. कामाचे श्रेय कोणाचे, आणि काम फळले नाही तर दोष कोणाचा, हे ते भांडण. ते अजून मिटलेले नाही.

या संग्रहात मुंबईच्या उपनगरांतल्या मराठी ख्रिस्ती सेवेविषयीचे लेख आणि आठवणी आहेत. पश्चिम रेल्वेवर अंधेरी ते बोरिवली आणि मध्य रेल्वेवर घाटकोपर ते मुलुंड हा त्याचा मुलूख. लिहिणारी माणसे मंडळीतलीच आहेत: निवृत्त शिक्षिका, परिचारिका, रेल्वेत आयुष्य काढलेले मंडळीचे वडील, पाळक, गावठाणांतले कॅथलिक शेजारी. ज्या वाचकाला ही जमीन अनोळखी आहे त्याला ती आधी थोडी फिरून दाखवावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात अंधेरी पूर्वेपासून करतो. सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीच्या कुंपणाआड एक छप्पर नसलेले चर्च उभे आहे. १५७९ साली जेझुइटांनी कोंडिविटा गावात बांधलेले हे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे मंदिर. १८४० मध्ये साथीने गाव उठवले, लोक मरोळला गेले आणि तिथल्या नव्या चर्चमध्ये उपासना चालू राहिली. १९७३ मध्ये भोवती सीप्झ आले. तरीही वर्षातून एकदा, मे महिन्यात, मूळ गावकऱ्यांचे वंशज त्या भिंतींमध्ये जमतात आणि मिस्सा होते. साष्टी बेटावरच्या ख्रिस्ती जीवनाचा बराचसा इतिहास असाच आहे. वास्तू पडल्या, माणसे हलली, प्रार्थना टिकली.

त्या आरंभाच्या काळात धर्मामागे पोर्तुगीज सत्तेचा दाब होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता साष्टीतून गेली, तिचे पाद्रीही गेले. सत्तेच्या आधाराने वाढलेले सत्तेबरोबरच जाईल, असे त्या दिवशी कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. स्थानिक धर्मगुरूंनी आणि गावठाणांतल्या घरांनी विश्वास धरून ठेवला. भात लावणाऱ्या, मासे विकणाऱ्या, मराठीच्या आपल्या बोलीत रोज संध्याकाळी प्रार्थना करणाऱ्या कुटुंबांचे हे काम. त्यांच्या वंशजांनी १८८७ मध्ये ईस्ट इंडियन हे नाव घेतले. १८९६च्या प्लेगनंतर गावठाणांच्या नाक्यांवर जे क्रूस उभे राहिले, त्यांतले कित्येक आजही आहेत आणि मे महिन्यात तिथे शेजारीपाजारी रोझरीसाठी जमतात. मोठी कॅथलिक परंपरा आपल्याला हे शिकवते की चिकाटी ही नेहमी एकट्या वीराची गोष्ट नसते. ती घराण्याची, आळीची, ठरलेल्या वेळेच्या सवयीची गोष्ट असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हे शेजाऱ्यांकडून फारसे शिकून घेतले नाही, असे माझे मत आहे.

दुसरा प्रवाह समुद्रावरून, पण सत्तेच्या पाठिंब्याविना आला. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते, आणि ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. ते गुपचूप कोचीनला निघून गेले, तिथून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्यापुढे अर्जामागून अर्ज करत राहिले, तेव्हा कुठे राहण्याची परवानगी मिळाली. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. त्यांच्या जोडीला आलेल्या सॅम्युएल न्यूएल यांची तरुण पत्नी हॅरिएट मुंबई पाहण्याआधीच, १८१२ मध्ये मॉरिशसला वारली होती. न्यूएल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. जॉन निकोल्स ठाण्यात, म्हणजे याच साष्टी बेटावर, काम करत होते. १८२४ मध्ये तेही गेले. आणि २० मार्च १८२६ रोजी, नाशिककडच्या फेरीवर असताना, हॉल यांनाही पटकीने गाठले. वय ४१. मुंबईत १३ वर्षे झाली होती.

या १३ वर्षांचे फलित काय? बाप्तिस्म्यांची नोंदवही जवळजवळ कोरी. मिशनच्या कार्यालयाला, बोस्टनला, जाणाऱ्या पत्रांत हॉल आणि त्यांचे सहकारी हे प्रामाणिकपणे कळवत होते, आणि तिथल्या वर्गणीदारांना हे वाचायला फार आवडत असेल असे नाही. पण हॉल गेले त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. मराठी शाळा चालू होत्या. भायखळ्याजवळचा छापखाना चालू होता, आणि त्या छापखान्यातून पुढे जे निघाले ते कोणाच्याही योजनेत नव्हते. गणपत कृष्णाजी तिथे काम शिकले आणि १८३१ मध्ये त्यांनी स्वतःच्या छापखान्यात मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी पोरवयात तिथेच खिळ्यांच्या कामाला लागले. पुढे १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर उभा केला आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांसाठी देशभर नाव मिळवले. ज्या हातांनी शुभवर्तमान छापण्यासाठी खिळे ओतले, त्यांच्याकडून शिकलेल्या हातांनी महाकाव्ये आणि धर्मशास्त्रे छापली. हॉल यांना हे समजले असते तर आनंद झाला असता की खेद, हे मी सांगू शकत नाही. पण वाढ आपल्या हातात नसते याचा अर्थ किती खोल जातो, हे मला या उदाहरणावरून जितके कळते तितके कुठल्याही प्रवचनातून कळलेले नाही. किती वाढेल एवढेच आपल्या हातात नाही असे नव्हे. काय वाढेल आणि कोणाच्या अंगणात वाढेल, हेही नाही.

सिंथिया फरार यांचे असेच. १८२७च्या अखेरीस ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका मुंबईत आली, पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. मुलींना शिकवणे, एवढेच तिचे काम. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. फरारबाईंच्या कामाला आपण अयशस्वी म्हणायचे का? मंडळीच्या अहवालाचे रकाने पाहिले तर म्हणावे लागेल. ते रकाने चुकीच्या गोष्टी मोजतात.

मुंबईतले डॉ. जॉन विल्सन वेगळ्या मार्गाने गेले. १८२९ मध्ये आल्यापासून त्यांचा भर उच्च शिक्षण, भाषा आणि जाहीर वादविवाद यांवर होता. १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज उभे राहिले. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा शहरात खळबळ माजली, खटला झाला, आणि पालकांनी धडाधड मुले काढून घेतली. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. विल्सन उरलेल्या मुलांना शिकवत राहिले आणि १८७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईतच राहिले. त्यांच्या शिष्यांपैकी नारायण शेषाद्री पुढे जालन्याकडे गेले आणि तिथे बेथेल ही वसाहत वसवली. आज मुलुंड-घाटकोपरच्या मंडळ्यांत जालना, औरंगाबाद, अहमदनगरकडची जी कुटुंबे आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी अशा गावांपर्यंत जातात.

नंतर आपल्या माणसांच्या हातात काम आले, आणि मला वाटते इथून या इतिहासाला खरा मराठी स्वर लागला. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये झाला आणि १८५७ मध्ये त्यांनी यमुनापर्यटन ही कादंबरी लिहिली. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ज्ञानोदय हे नियतकालिक पिढ्यांमागून पिढ्यांनी चालवले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. मिशनचा पगार आणि मिशनची शिस्त यांपेक्षा ख्रिस्ताचा शिष्य मराठी संतांच्या अंगणात कसा बसेल, याची त्यांना ओढ होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात बसावेत असा. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि दरबार विरून गेला. संस्था म्हणून काही उरले नाही. पण त्यांची भजने आजही रविवारी मराठी मंडळ्यांतून म्हटली जातात. म्हणणाऱ्यांतल्या अर्ध्या लोकांना भजन कोणाचे हे ठाऊकही नसते. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने महाकाव्य संपवले.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची जवळजवळ १८ वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरावर घालवली. ग्रीक आणि हिब्रू शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, तिथल्याच मुलींकडून जुळवून आणि छापून घेत. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली तरी काम थांबले नाही. मुद्रिते तपासून संपली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आले. मंडळ्यांनी उपासनेत मात्र दुसरेच भाषांतर वापरले. रमाबाईंनी इतकी वर्षे कोणासाठी घालवली, असे विचारणारे तेव्हाही असतील. केडगावला ज्या बायकामुली त्यांच्याजवळ राहत होत्या, त्यांना साध्या बोलीतले शास्त्र हातात मिळावे एवढीच त्यांची तळमळ होती.

या विषयावरच्या विचारांचे प्रवाहही थोडक्यात सांगायला हवेत, कारण पुढच्या लेखांत त्यांचे पडसाद येतात. शेवटपर्यंत टिकून राहणे हे माणसाचे कर्तृत्व की देवाचे दान, हा प्रश्न ऑगस्टीनने इ.स. ४२८-४२९च्या सुमारास दानाच्या बाजूने सोडवला. कॅल्व्हिनच्या परंपरेने त्यातून खात्री काढली: देवाने धरलेला सुटत नाही. वेस्लीच्या परंपरेने सावधपणा काढला: धरलेला हात माणूस सोडू शकतो. कॅथलिक शिकवण ती कृपा रोज मागायला सांगते. आपल्या उपनगरी मंडळ्यांत तिन्ही सूर एकाच प्रार्थनासभेत ऐकू येतात आणि त्यावरून फारसे कोणी भांडत नाही.

भांडण होते ते वाढीवरून. विसाव्या शतकात भारतातूनच दोन मोठे विचार निघाले. बिशप पिकेट यांनी १९३३ मध्ये समूहांच्या धर्मांतरांचा अभ्यास मांडला. मध्य प्रांतातल्या दमोहला जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९५५ पासून मंडळीवाढीचे शास्त्रच उभे केले: जिथे फळ येते तिथे माणसे आणि पैसा लावा. मिशनरी रोलंड ॲलन यांनी त्याआधीच, १९१२ मध्ये, पौलाची रीत आणि मिशनांची रीत यांतले अंतर दाखवून दिले होते. स्थानिक मंडळीवर लवकर विश्वास टाका, मग आत्मा आपले काम करील, असा त्यांचा रोख. भारतात काम केलेले मिशनरी लेस्ली न्यूबिगिन यांनी पुढे मॅकगॅव्हरन यांच्या हिशेबीपणावर बोट ठेवले. मॅकगॅव्हरन यांची एक गोष्ट मला मान्य आहे: वांझ कामाला पवित्र मानून पिढ्यान्‌पिढ्या तेच करत राहणे ही निष्ठा नाही. पण फळ दिसते तिथेच थांबायचे ठरवले असते, तर हॉल १८१५ मध्ये नॉट यांच्याबरोबर बोटीत बसले असते.

आता उपनगरांकडे. मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे आधी भायखळा, नागपाडा, माझगाव या भागांत होती. गिरण्या, रेल्वे, दवाखाने, मिशनच्या शाळा यांच्या आसऱ्याने. १९७२च्या दुष्काळाने मराठवाडा आणि नगर जिल्ह्यातून आणखी माणसे आणली. १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्च स्थापन होऊन जुनी मिशने एका छत्राखाली आली होती, पण लोक भाड्याच्या खोल्यांमागे घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडकडे आणि पलीकडे मालाड, कांदिवली, बोरिवलीकडे सरकत होते. रविवारी मेगाब्लॉक असला की लेकरे घेऊन भायखळा गाठणे म्हणजे अर्धा दिवस. म्हणून कोणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत घरगुती प्रार्थनासभा सुरू व्हायची. तिथून शाळेचा वर्ग भाड्याने, तिथून कधीतरी स्वतःची जागा. या संग्रहातली बरीच पाने त्या खोल्यांमधली आहेत.

आज त्याच मंडळ्यांत थकवा आहे. चाळी पुनर्विकासात गेल्या, तरुण कुटुंबे बदलापूर आणि विरारला गेली. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी भजनाचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागतो. शेजारच्या मोठ्या सभागृहात बँड आणि पडदे असलेली सभा भरते आणि तरुण तिकडे जातात. संडे स्कूलला एके काळी ४० मुले असायची तिथे ६ येतात, आणि त्या ६ मुलांसाठी एखादी बाई शनिवारी रात्री धडा तयार करते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. दोनशे वर्षांच्या कामानंतर एवढेच, असे कोणी म्हणाले की आपल्या लोकांचे चेहरे उतरतात. ते उतरू नयेत असे मला मनापासून वाटते.

एक कारण श्रद्धेचे आहे, आणि ते पौलाने दिलेलेच आहे. दुसरे कारण शेजाराचे आहे आणि आजच्या दिवसांत मला ते तितकेच महत्त्वाचे वाटते. वाढ माझी जबाबदारी आहे असे मी मानले, तर माझा शेजारी माझ्यासाठी आकडा होतो. त्याच्या आजारपणात नेलेला डबा, त्याच्या मुलीला फुकट दिलेली शिकवणी, मयतीत रात्रभर बसणे, या सगळ्यामागे एक हिशेब येतो, आणि शेजारी खुळा नसतो, त्याला तो दिसतो. ख्रिस्ती सेवेकडे आज संशयाने पाहिले जाते. त्यातला बराच संशय अन्यायाचा आहे, पण काही ठिकाणी आपल्याच आकड्यांच्या हव्यासाने त्याला खतपाणी मिळाले. वाढ देवाची असे खरोखर मानणारा माणूस शेजाऱ्यावर निर्मळपणे प्रेम करू शकतो. डबा हा डबाच राहतो. मुलगी नापास झाली तरी, शेजारणीने पुन्हा कधी चर्चकडे पाहिले नाही तरी, शिकवणी आणि डबा वाया गेले असे होत नाही. आपला विश्वास लपवावा असे यात कुठेही नाही. विचारणाऱ्याला आनंदाने सांगावे. फक्त उत्तर काय येते त्यावर सेवा अवलंबून ठेवू नये.

या शिकवणीचा गैरवापरही होतो आणि त्याबद्दल गप्प बसणे बरोबर नाही. देव फळ देईल, असे म्हणून थकलेल्या सेवकाला सुट्टी नाकारली जाते. घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबायांनी उन्हातान्हात वस्त्या फिरून काढल्या, त्यांच्या मानधनाचा विषय निघाला की त्यागाची प्रवचने सुरू होतात. पाळकाच्या मुलांच्या फीची सोय होत नाही, पण निष्ठेची अपेक्षा पूर्ण असते. देवावर भरवसा ठेवायचा तो वाढीसाठी. माणसांची काळजी घेण्याचे काम त्याने मंडळीकडे दिले आहे. तसेच, वाढ देवाची म्हणून हिशेब नको, सभा नकोत, चुका तपासायला नकोत, असेही नाही. पाणी घालणाऱ्याने पाणी मुळाशी जाते की गटारात, हे पाहायलाच हवे.

या संग्रहाने केलेला प्रयत्न साधा आहे. ज्यांची नावे कुठल्याच अहवालात नाहीत त्यांच्या कामाचे स्वरूप, त्यांच्या शब्दांत किंवा त्यांना पाहिलेल्यांच्या शब्दांत, नोंदवून ठेवणे. हा मंडळ्यांचा समग्र इतिहास नाही. ईश्वरज्ञानाचा ग्रंथही नाही, जरी त्यात ईश्वरज्ञान पानोपानी आहे. काही लेख एकमेकांना विरोध करतात आणि संपादकांनी तो विरोध तसाच ठेवला, हे चांगले केले. एका लेखात जे अपयश म्हणून सांगितले आहे तेच दुसऱ्यात कृपा म्हणून येते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट आवाज शेजारी छापले आहेत. उपनगरांत ते शेजारीच राहतात, पुस्तकांत मात्र क्वचित भेटतात. क्रमाने वाचले पाहिजे असे नाही. नव्या वाचकाने संडे स्कूल आणि दवाखान्यातल्या भेटी यांवरचे लेख आधी वाचावेत, मग इतिहासाकडे यावे.

एक विनंती. गॉर्डन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या ह्यूटन ग्रंथालयात नीट जपलेली आहेत. मुलुंडच्या एखाद्या चाळीतल्या बायबलबाईची भेटींची वही कोणत्याच ग्रंथालयात नाही. असलीच तर ती माळ्यावरच्या पेटीत आहे, आणि इमारत पुनर्विकासाला गेली की घर रिकामे करताना पहिल्यांदा अशाच वह्या रद्दीत जातात. ज्यांच्या घरी प्रार्थनासभेच्या नोंदी, संडे स्कूलच्या हजेरीवह्या, जुनी पत्रे, भजनांच्या हस्तलिखित वह्या असतील, त्यांनी त्या टाकू नयेत. आपल्या मंडळीच्या कार्यालयात द्याव्यात, निदान फोटो काढून ठेवावेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर ती कोणाची, कुठल्या वस्तीतली आणि साधारण कोणत्या वर्षांची हे आजच्या आज लिहून ठेवावे.